कळंबाचं कडं

१

आमच्या घरातली सकाळ म्हणजे तीन माणसांची एका बाथरूमवरून मारामारी. दोहाच्या फरीज बिन ओमरान भागातली आमची बिल्डिंग जुनी, खोल्या ऐसपैस, पण दुसऱ्या बाथरूमचा गीझर गेली दोन वर्षं ‘इन्शाल्ला’ दुरुस्त होतो आहे. नुपूर, माझी मुलगी, चौदा वर्षांची. आरशात तिला रोज काहीतरी नवीन सापडतं आणि माझं कुठलंही वाक्य ती शेवटपर्यंत ऐकून घेत नाही. कैवल्य, माझा नवरा, गॅस कंपनीत सेफ्टी इंजिनिअर. तो दाढीसुद्धा नियमावली समोर ठेवल्यासारखी करतो. दोघं बाहेर पडले की मी चहाचा दुसरा कप भरते, जेवणाच्या टेबलावरचे टोस्टचे कण पुसते आणि कंपास बाहेर काढते.

मी जपानी घराण्यांची चिन्हं काढते. सिन्नरच्या सुनेने दोहात बसून जपान्यांची चिन्हं का काढावीत, हा प्रश्न मला इथल्या गणपतीत दर वर्षी विचारला जातो. मला ती आवडतात, एवढंच उत्तर आहे. लग्नाआधी क्योटोला सहा महिने मी ओकुमुरा नावाच्या कारागिरांकडे शिकले. किमोनोच्या पाठीवर, रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात, घराण्याचं चिन्ह काढायचं हा त्यांचा पिढीजात धंदा. पान असो, पक्षी असो, सगळं वर्तुळांच्या तुकड्यांतून काढायचं. हाताने वळवलेली एकही रेघ नाही. सरळ रेघसुद्धा त्यांच्या मते फार मोठ्या वर्तुळाचा बारीक तुकडा. त्यांचा कंपास बांबूचा, एका पायाला सुई आणि दुसऱ्याला ब्रश. सुई रोवायची, हवी तेवढीच रेघ फिरवायची आणि उचलायची.

माझं वेगळेपण असं, की मी उचलत नाही. मुशैरिबमधल्या एका नव्या हॉटेलच्या लॉबीसाठी मी मोठाली पॅनेलं करत होते. चिन्ह पॅनेलवर, पण ते ज्या वर्तुळांतून घडलं ती वर्तुळं मी पुरी करते. पॅनेलच्या बाहेर, भिंतीवर, खांबावर, छतावर, लिफ्टच्या दारावर. चेक-इन करणारा पाहुणा कुठल्यातरी घराण्याच्या फुलाच्या पोटात उभा असतो. हॉटेलसाठी चित्रं निवडणारी माहनूर, लाहोरची, ते बघून म्हणाली होती, “नमिता, ये तो दीवार खा गया.” ती स्तुती होती. ओकुमुरांना फोटो पाठवले तर त्यांनी एकच ओळ लिहिली, की रेघ कुठे थांबवायची ते कळणं, एवढंच आपलं काम असतं. मला राग आला. म्हाताऱ्यांना आपलं काम दुसऱ्याने मोठं केलेलं सोसत नाही, असं मी कैवल्यला म्हटलं आणि तो विषय मिटवला.

२

शेवटचं पॅनेल राहिलं तेव्हा माहनूरला सुचलं. “एक अपने घर का भी बनाओ ना.”

आमच्यात असं चिन्ह नसतं, हे वाक्य तोंडातून निघता निघता मी थांबले. देवक असतं की. लग्नात आधी देवक बसतं, मग नवरा-नवरी. कैवल्यच्या घराण्याचं देवक कळंब. माझ्याच लग्नात त्या डहाळीला मी हळदीच्या हाताने नमस्कार केला होता, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घराण्यांची पानंफुलं काढताना मला ते एकदाही आठवलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यात कळंबाचं फूल चेंडूसारखं गोल. वर्तुळांवर जगणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

पानाचा नेमका आकार हवा होता. कैवल्यचे थोरले भाऊ, विजयदादा, हमद पोर्टला कंटेनरच्या कामावर आहेत. बायकोमुलं नाशिकला, म्हणून दर शुक्रवारी जेवायला आमच्याकडे. ते सुट्टीवर गावी निघाले होते. मी त्यांना पान आणायला सांगितलं. परत आले तेव्हा त्यांनी पेपरच्या घडीत जपून ठेवलेलं ते सुकं पान माझ्या हातात दिलं.

“तोडलं नाही बरं का,” ते म्हणाले. “पडलेलं उचललं. आमच्यात कळंबाला नख लावत नाहीत.”

“आणि बाभळीला?”

“बाभळ कुठं आपल्या घरातली?” असं म्हणून ते ओशाळले आणि हसले. कैवल्यही हसला. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी, दोघं गेल्यावर, मी पान कागदावर ठेवलं. त्याच्या कडेची वळणं कुठल्या वर्तुळांची आहेत ते शोधायचं तर मध्य शोधायला हवा. तो पानावरच येत होता, देठाजवळ, जिथे शिरा एकत्र येतात तिथे. मी कंपासाची सुई तिथे रोवली. सुकलेल्या पानाचा होतो तेवढा आवाज झाला. मग ब्रश फिरवला. कोरड्या कागदावर केस घासल्याचा बारीक चर्रर आवाज येतो, तो मला फार आवडतो. त्या दिवसापर्यंत आवडायचा.

पुढच्या सकाळी कैवल्य दाढी करत होता आणि मी त्याच्या शेजारी उभी राहून दात घासत होते. मी चर्रर असा आवाज ऐकला. मला वाटलं रेझरचा. पण रेझर त्याने नळाखाली धरलेला होता. आणि त्याच्या मानेवर, कानाच्या खालून गळ्याच्या घाटीपर्यंत, एक लाल रेघ उमटत गेली. आधी केसाएवढी, मग भरून आली, मग पांढऱ्या बनियनवर उतरली.

“कापलं,” तो म्हणाला.

“कशाने?”

त्याने रेझरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “दाढी करताना कशाने कापतं, नमिता?”

मी टॉवेल दाबून धरला. टॉवेलखाली त्याची नस उडत होती, आणि रेघ तिच्या किती जवळून गेली होती ते मला बोटाला कळत होतं. आणखी एक कळलं आणि मी ते मनातच ठेवलं: ती रेघ सुरेख होती. हाताने कापलेली जखम कुठेतरी अडखळते. ही अडखळली नव्हती.

३

मी तशी भित्री नाही. आणि अंधश्रद्धाळू तर मुळीच नाही. नजर काढायची म्हटली तरी मी मिठाचा खर्च मोजते. त्यामुळे मानेचं प्रकरण मी दोन दिवसांत विसरून गेले आणि फुलाला लागले. आतली लहान वर्तुळं आधी, मग त्यांच्याबाहेरची मोठी, असं बाहेर बाहेर जायचं असतं.

दुपारी नुपूर शाळेतून आली आणि टेबलाच्या पलीकडे गणिताची वही उघडून बसली. बाहेर मे महिना रटरटत होता, एसी घरघरत होता. मी एक वर्तुळ पुरं केलं, ब्रश पाण्याच्या कपात बुडवला.

आवाज चालूच राहिला.

चर्रर. माझ्या हातात काहीच नव्हतं. नुपूरचं पेन टोपण लावून पडलेलं होतं. मी टेबलाकडे पाहिलं. डाव्या कडेकडून, लॅमिनेटवरून, एक बारीक पांढरी रेघ सरकत येत होती. तिच्या पुढच्या टोकाला काही नव्हतं. ती मिठाची बाटली जिथे होती तिथे पोचली, बाटली दोन तुकडे होऊन आडवी झाली, आणि रेघ पुढे गेली.

“नुपूर, हात,” मी म्हटलं.

“व्हॉट?”

तिने मान वर केली, हात तिथेच ठेवला. रेघ तिच्या मनगटाच्या वर चढली, पलीकडे उतरली, वहीतल्या उदाहरणांवरून गेली आणि उजव्या कडेवरून खाली निघून गेली. नुपूर एक क्षण नुसती बघत राहिली. मग कातडी उघडली आणि आतलं पांढरं दिसलं, आणि मग ती ओरडली. वही रक्ताने चिकटून बंद झाली. तिला उचलून बाथरूमकडे नेताना माझे पाय घसरले. माझ्या पोरीच्या हातातून इतकं रक्त कसं येऊ शकतं, तेवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

टाके पडले. कैवल्यने संध्याकाळी गुडघ्यावर बसून टेबल तपासलं. “लॅमिनेटला तडा गेलाय. कडा वर आली असेल, तिने हात ओढला असेल.”

“तिने हात हलवलाच नाही.”

“घाबरल्यावर माणसाला नीट आठवत नाही. आमच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये हेच असतं.”

आणि बाटली? बाटली पडली, फुटली. त्याच्याकडे सगळ्याचं उत्तर होतं, आणि खरं सांगायचं तर मला ती उत्तरं हवीच होती. मी त्यातलं एकेक घेऊन मनात नीट लावून ठेवलं. पण माझा धंदा वर्तुळांचा. वर्तुळाचा तुकडा दिसला की त्याचा मध्य शोधल्याशिवाय मला राहवत नाही. दुसऱ्या दिवशी घरी कुणी नसताना मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि टेबलावरच्या त्या रेघेचा मध्य शोधायला घेतला. शाळेतल्या पोरालाही जमतं ते.

मध्य टेबलावर येत नव्हता. टेबलाच्या बाहेर, अलीकडे, हवेत येत होता. मी पट्टी माझ्या बाजूला सरकवत आणली. तिचं टोक माझ्या पोटाला टेकलं, आणि अजून थोडं अंतर शिल्लक होतं.

४

पुढच्या शुक्रवारी मी रस्सा केला. विजयदादा नमाजाची गर्दी रस्त्यावर यायच्या आत आले, नुपूरच्या हाताचं बँडेज बघून हळहळले, तिला खजुराचा डबा दिला. मग पॅनेल बघायला माझ्या टेबलाशी गेले. पान तिथेच कागदाला लावलेलं होतं.

ते पानावर वाकले.

“यात सुई रोवलीस?”

“मध्य तिथेच येत होता, दादा.”

“असू दे,” ते म्हणाले. पण पान त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि परत ठेवताना त्या भोकावर अंगठा ठेवला. जखम दाबून धरावी तसा. “आमच्यात कुणी करत नाही असं. झालं ते झालं.”

“काय होतं केल्यावर?” मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

“कुणाला माहीत? केलंच नाही ना कुणी.”

नाशिकहून त्यांना फोन आला. ते बोलत बोलत बाल्कनीच्या काचेच्या दाराशी गेले, उन्हाकडे बघत उभे राहिले, मोकळा हात काचेला टेकवला. नुपूर हॉलमधल्या सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. कैवल्य स्वयंपाकघरात चपात्या गरम करत होता. मी रश्श्याचं पातेलं घेऊन हॉलच्या मधोमध, तिच्याजवळ आले, आणि टीव्हीमागच्या भिंतीतून चर्रर ऐकू आलं.

या वेळी मी पूर्ण पाहिलं. भिंतीचा रंग उलत गेला. कॅलेंडरचा खालचा अर्धा भाग खाली पडला. पडद्याला रेघ लागली आणि पडदा तेवढ्याच सरळपणे तुटून जमिनीवर बसला. मग काच. काचेवर आवाज बदलतो, कुणीतरी दात घट्ट आवळून शीळ घालावी तसा होतो. मी “दादा” म्हटलं. ते वळले, पण हात काचेलाच होता.

दोन बोटं काचेला चिकटून राहिली. दादांनी हात छातीशी नेला तरी ती तिथेच होती. मग काच आली, सगळी एकदम, आणि दादा तिच्याखाली गेले. बाहेरची भट्टीसारखी हवा घरात घुसली, मशिदीच्या भोंग्याचा आवाज घुसला, आणि त्या सगळ्याच्या वर दादांचं ओरडणं. मोठ्या माणसाला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. पातेलं टाकून मी त्यांच्याकडे धावले. काचांवर गुडघे टेकून मी त्यांचं मनगट माझ्या ओढणीने करकचून बांधलं, आणि कैवल्य ती बोटं बर्फाच्या पिशवीत भरत होता, शांतपणे, नियमानुसार, फक्त त्याचे ओठ निळे पडले होते.

५

“काचेच्या बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत बावीस,” कैवल्य म्हणाला. हॉस्पिटलमधून तो कपडे न्यायला घरी आला होता. “अशी काच जाते. वळणातच जाते.”

“आणि पडदा? आणि ही भिंत?”

तो भिंतीकडे बघेना. मी त्याचा दंड धरून त्याला फिरवलं. टीव्हीच्या मागून निघालेली रेघ काचेच्या दारातून पुढे, पुस्तकांच्या कपाटावरून, स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेली होती. आणि तिथे एका जागी तिला वाकडा हिसका बसला होता. मी दादांकडे धावले होते ती हीच वेळ. मी हलले की तीही हलते.

“सुई माझ्यात आहे,” मी म्हटलं. “दर वेळी मध्यावर मीच असते. आधी हातभर अंतर होतं, मग टेबलाएवढं, मग बाल्कनीएवढं. मला काही होत नाही, माझ्या जवळच्यांना काही होत नाही. नुपूर सोफ्यावर माझ्याजवळ होती, ती वाचली. रेघेवर जो येतो...”

“बास.”

“तू मोजून बघ.”

“माझ्या भावाची बोटं गेली आणि तू मला भूमिती शिकवतेस?” त्याने टेबलावरचा बांबूचा कंपास उचलला आणि टेबलाच्या कडेवर हाणला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. बांबूच्या कांड्या उडाल्या. मी त्याच्या अंगावर धावून गेले, त्याच्या थोबाडीत मारली, त्याने माझे हात पकडून मला भिंतीशी दाबलं. आम्ही दोघं कधी एकमेकांशी मोठ्याने भांडलोसुद्धा नव्हतो. नुपूर खोलीच्या दारात उभी होती. “स्टॉप इट,” ती म्हणत होती, “प्लीज, स्टॉप इट, बोथ ऑफ यू.”

तो गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन कुर्ता वर केला. बरगड्या जिथे जुळतात त्याच्या खाली एक टिंब होतं. तीळ नव्हता तो. मी बोट लावलं तर ते आत गेलेलं होतं, खोल, कोरडं. दुखत नव्हतं.

मी ओकुमुरांना फोन लावला. काय सांगणार त्यांना? मी कामाचंच विचारलं. फूल झालं, पानं झाली, आता पुढे काय?

“बाहेरचं कडं,” ते म्हणाले. “ते शेवटी. मग चिन्ह पुरं.”

“केवढं काढू?”

“घरात माणसं किती?”

“तिघं. आणि एक दीर.”

“मग सगळं घर मावेल एवढं.” मला वाटतं ते हसले. मग त्यांच्या मास्तरी आवाजात म्हणाले, “सुई रोवलेली असताना कागद हलवायचा नाही. फाटतो. आठवतंय ना?”

मी त्यावर खूप विचार केला. निघून जावं का? विमानात बसावं आणि कुठेतरी लांब जावं? पण मी लांब गेले तर कडं तेवढं मोठं होईल, आणि रेघ कुणाच्या गळ्यावरून जाईल ते मला कळणारही नाही. दादा हॉस्पिटलमध्ये चार मैलांवर होते. त्यांच्यापर्यंत रेघ अजून पोचत नव्हती, असं मी धरून चालले. आतला माणूस सुरक्षित होता. जवळचा माणूस सुरक्षित होता. मी हलायचं नाही आणि माझी दोन माणसं मला चिकटून बसायची, एवढंच करायचं होतं. मला नुपूर जिवंत हवी होती. कैवल्यही हवा होता, पण नुपूर आधी. आईने हे बोलून दाखवायचं नसतं, पण ते तसंच होतं.

६

इथे रविवारी शाळा असते, पण त्या रविवारी मी नुपूरला पाठवलं नाही. हॉलच्या मधोमध माझी खुर्ची ठेवली, माझ्या पायांशी तिचं छोटं स्टूल ठेवलं, तिला त्यावर बसवलं आणि तिच्या खांद्यांभोवती हात टाकले. ती अवघडून बसली.

“आई, धिस इज सो वीअर्ड.”

“माझ्यासाठी. काहीही झालं तरी इथून उठायचं नाही. काहीही. शपथ घे.”

“ओके, ओके.”

तिच्या केसांना नारळाच्या तेलाचा वास येत होता. कितीतरी महिन्यांत तिने मला इतका वेळ धरू दिलं नव्हतं. कैवल्यला मी फोन करून रडून, शिव्या देऊन कबूल करवलं होतं, की तो कामावरून दुपारी येईल आणि माझ्याजवळ बसेल. “येतो,” तो म्हणाला होता, “पण उद्या तू डॉक्टरकडे येणार. खलास.”

तो यायच्या आधीच आवाज सुरू झाला.

स्वयंपाकघरातून, फार हळू. भांड्यांच्या मांडणीवरून गेला तेव्हा स्टीलचे डबे एकापाठोपाठ एक उघडून पडले. नुपूर दचकली, मी तिला घट्ट धरलं. मी फोन लावला.

“कुठे आहेस?”

“लिफ्टमध्ये. नेटवर्क...”

“पळत ये. आत आलास की थेट माझ्याकडे.”

रेघ स्विचबोर्डवरून गेली. निळा जाळ उडाला, दिवे गेले, एसी थांबला. एसी थांबल्यावर घर किती शांत होतं ते दोहात राहणाऱ्यालाच माहीत. त्या शांततेत फक्त तो चर्रर उरला. आता मला अंतर दिसलं. मागच्या वेळेपेक्षा मोठं. ती पॅसेजच्या भिंतीवर आली, आरशाच्या मधून गेली, आरसा खाली कोसळला. ती थेट पुढच्या दाराकडे निघाली होती.

दार उघडलं. कैवल्य उंबऱ्यात उभा होता, हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली.

“लाइट गेले का?”

“आत ये. आत ये, कैवल्य, धाव.”

त्याने आमच्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि वाकला. त्याच्या पायात कामावरचे सेफ्टी शूज होते, लेसचे.

“अगं, बूट तर काढू दे.”

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही त्या उंबऱ्याच्या आत पायताण घालून आलं नव्हतं. तो मान खाली घालून गाठ सोडत होता. रेघ चपलांच्या रॅकवर चढली. वरच्या फळीवरचे नुपूरचे शाळेचे बूट मधून उघडले गेले. त्याच्या वाकलेल्या मानेपर्यंत आता हातभरही राहिलं नव्हतं, आणि त्या मानेवर आधीची जखम अजून लाल होती.

मी उठले आणि धावले.

त्याचा शर्ट धरून मी त्याला आत ओढलं. आम्ही दोघं पॅसेजमध्ये पडलो, त्याचं डोकं माझ्या छातीवर आपटलं, एक बूट त्याच्या पायात तसाच. रेघ दाराच्या चौकटीपर्यंत आली नाही. ती तिथून उडाली होती. बाहेर लिफ्टच्या पत्र्यावर कर्कश आवाज झाला, पलीकडच्या फ्लॅटमध्ये काहीतरी फुटलं. त्याच्या मानेवर मी हात फिरवला. अखंड होती. मी हसायला लागले. वाचला, वाचला, असं मी मोठ्याने म्हणत होते. तो मला उठू देत नव्हता, दोन्ही हातांनी आवळून धरून म्हणत होता, “शांत हो, नमिता, मी आहे, शांत हो.”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी हलले होते. मध्य आता इथे होता, दाराशी. आणि खुर्चीपासून दार जेवढं लांब, तेवढीच दारापासून खुर्ची लांब.

“सोड,” मी म्हटलं. “सोड मला.”

आवाज स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आला होता. फरशीवरून येत होता तो, कुठेही न थांबता. मागून नुपूरचा आवाज आला, हळू, घाबरलेला, पण शहाण्या मुलीसारखा.

“आई, कॅन आय गेट अप नाऊ?”

मी तोंड उघडलं. चर्रर स्टुलाच्या लाकडावर चढला आणि मग अगदी मऊ झाला.

मी पाठमोरी होते. कैवल्य माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. त्याच्या तोंडातून आवाज निघायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं, तेवढंच मी पाहिलंय. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोरीने माझं शेवटपर्यंत ऐकलं होतं. ती उठली नव्हती.